बोल कुणाला?

घरातलं एखादं काम कुणाचं, हे ते कोण करतं यावरून ठरत नाही. ते राहून गेलं तर बोल कुणाला लागतो, यावरून ठरतं. वास्तुशांतीला आत्यांना फोन करायचा राहिला, तर पुढची दोन वर्षं प्रत्येक लग्नकार्यात आत्या सांगत फिरतात, 'सुनेला काही रीतभात नाही.' आत्या नवऱ्याची. लहानपणच्या सुट्ट्या त्याने तिच्या घरी काढल्या, तिच्या हातचे लाडू खाऊन तो वाढला. सून त्या घरात आली काल-परवा. तरी 'आमच्या भाच्याला आमची आठवण उरली नाही' असं काही आत्या म्हणत नाहीत. त्याच्यामागे कामाचे व्याप असतात म्हणे. सूनही सकाळची लोकल पकडून कामाला जाते, पण तिचे व्याप या हिशेबात धरायची पद्धत नाही.

घरकामाचा हिशेब अलीकडे सरकारदरबारी मांडला जातो, ही चांगली गोष्ट आहे. देशातली माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात, याची पहिली देशव्यापी पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केली आणि दुसरी २०२४ मध्ये. दुसऱ्या पाहणीत आढळलं ते असं: घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, जे पुरुष असं काम करतात, त्यांची ८८. घरातल्या लहानांची, म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची देखभाल १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका करतात आणि २१.४ टक्के पुरुष. तिथेही तिची १४० मिनिटं आणि त्याची ७४.

आकडे बोलके आहेत; पण ते मुख्यतः हातांनी केलेल्या कामाचे आहेत. पाहणीची रीत अशी, की आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासूनच्या चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे पाडायचे आणि कोणत्या कप्प्यात काय केलं ते विचारून लिहायचं. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या गुरुवारी संपतात, हे पोळ्या लाटताना आठवतं. धाकट्या जावेचा सूर परवा फोनवर जरा तुटक वाटला, हे बसमध्ये मनात येतं. मुलगा दोन दिवस नीट जेवत नाहीये, त्याला आज विचारावं की परीक्षा होऊ द्यावी, हे कचेरीतल्या मीटिंगमध्ये डोक्यात चालू असतं. हे कोणत्या कप्प्यात लिहिणार? विचारलं तर ती बाईच सांगेल, 'काही नाही, पोळ्या करत होते.'

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. घर चालवण्यातल्या डोक्याच्या कामाचे त्यांनी चार टप्पे पाडले: गरज आधीच ओळखणं, ती भागवायचे मार्ग शोधणं, त्यातला एक ठरवणं आणि ठरलेलं पार पडतंय ना यावर नजर ठेवणं. ठरवण्याच्या टप्प्यावर नवराबायको बरेचसे बरोबरीने असतात, असं त्यांना दिसलं. आधी ओळखणं आणि नंतर नजर ठेवणं ही दोन टोकं मात्र बहुतेक घरांत बाईच्या हाती होती. आपल्याकडची घरं याहून वेगळी नाहीत. मुलीला कोणत्या शाळेत घालायचं, हा निर्णय दोघांचा असतो आणि तो घेतल्याचं समाधानही दोघांचं असतं. अर्ज कधी निघतात, जन्माचा दाखला कोणत्या फायलीत आहे, गणवेश कुठल्या दुकानात मिळतो आणि पहिल्या दिवशी पोर रडली तर कामावरून लवकर कोण निघेल, हे सगळं एकीचंच. त्यामुळे 'आमच्या घरात सगळे निर्णय आम्ही मिळून घेतो' असं अभिमानाने सांगणारा नवरा खोटं बोलत नसतो. चारांतल्या एका टप्प्याबद्दल तो खरंच बोलत असतो.

मिकाएला डी लिओनार्डो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांवर लिहिताना आणखी एका कामाकडे बोट दाखवलं होतं. सणावारी नातेवाइकांना शुभेच्छापत्रं पाठवणं, फोन करणं, जेवणं ठरवणं, कुणाशी किती जवळीक ठेवायची याचा अंदाज राखणं, ही कामं बायका करत होत्या. स्वतःच्या नातेवाइकांसाठी आणि नवऱ्याच्याही. नातं आपोआप टिकत नाही, ते कुणीतरी राबून टिकवतं, हे दाखवायला त्यांना अभ्यास करावा लागला. आपल्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयावर भागलं असतं.

नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी साडी आणि हलव्याचे दागिने, नातवाचं बोरन्हाण, चैत्रातलं हळदीकुंकू, दर तिसऱ्या वर्षी येणाऱ्या अधिक महिन्यात जावयाचं वाण, राखीपौर्णिमा, गौरी जेवायला सांगायच्या सवाष्णी, पितृपक्ष, भाऊबीज. यातल्या प्रत्येक दिवसामागे मागच्या वेळची उजळणी असते. गेल्या खेपेला कुणाला कोणती साडी दिली, कुणी नापसंती दाखवली, कुणाकडे सुतक आहे, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही. शेतकरी घरात गावची जत्रा येते तेव्हा वीस पाहुण्यांचं जेवण दिसतं. पण कुठल्या सोयऱ्याला आग्रहाचं बोलावणं गेलं आणि कुणाला नुसता निरोप, लेकीची बोळवण करताना थोरलीला आणि धाकटीला केलेल्या साड्यांत उणं-अधिक दिसू नये म्हणून काय काय जुळवलं, हे दिसत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरातही रविवारी रात्री फोन लावून 'आईंशी बोला' म्हणत तो नवऱ्याच्या हातात देणारी बहुधा सूनच असते.

पितृपक्षाचंच पाहा. श्राद्ध नवऱ्याच्या वडिलांचं असतं. दर्भाचं पवित्रक घालून पाटावर तो बसतो, पिंड तो देतो, धर्मशास्त्राच्या लेखी कर्ता तोच. पण तिथी कोणती, ती या वर्षी कोणत्या वारी येते, गुरुजींना सांगितलं का, मामंजींना कोणती भाजी आवडायची, हे सगळं अशा बाईच्या डोक्यात असतं जिने त्या गृहस्थांना, कधीकधी तर, पाहिलेलंही नसतं. भाऊबिजेची ओवाळणी भाऊ ताटात टाकतो, पण ती आणलेली असते वहिनीने. नणंद 'दादाची निवड छान आहे' म्हणते आणि तिला ठाऊक असतं, दादाला ठाऊक असतं, वहिनीला तर असतंच असतं. आवडली नाही तर मात्र ती वहिनीची निवड ठरते.

हा बोल नवा नाही. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या पुस्तकात तो पानोपानी भेटतो. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाई महादेव गोविंद रानड्यांच्या घरी आल्या. बायकोने लिहावं-वाचावं, इंग्रजी शिकावं, ही इच्छा रानड्यांची. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ती मुळीच मान्य नव्हती. टोमणे, अबोला, स्वयंपाकघरातला दुरावा हे सगळं रमाबाईंच्या वाट्याला आलं. ज्यांच्या इच्छेने हे चाललं होतं, त्यांच्या नव्हे. रानड्यांचा सल्ला सोसण्याचा होता, उलट उत्तर न करण्याचा होता. रानडे थोर होते, त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, आणि पुढे पुण्यात सेवासदनाच्या कामाला वाहून घेणाऱ्या रमाबाईंनीही त्यांच्याबद्दल अपार आदरानेच लिहिलं. पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी सुधारणेचा हिशेब मांडताना व्याख्यानं, सभा आणि ठराव यांच्या जोडीला ही रकमही लिहायला हवी. सुधारणा दिवाणखान्यात झाली, तिचा बोल माजघरात लागला.

माजघर गेलं, दोन खोल्यांचे फ्लॅट आले. बोल आपला पत्ता विसरला नाही. आता तो घरातल्या मध्यस्थीच्या कामात मुरला आहे. मुलाला अभियांत्रिकी सोडायचं आहे, तो आईला सांगतो. आई म्हणते, 'बाबांना मी सांगते, तू आत्ता काही बोलू नकोस.' मग ती दिवस निवडते. जेवण झाल्यावर, बातम्या संपल्यावर, पगार झालेल्या आठवड्यात. बाबांचा राग आधी ती झेलते, त्यातला निम्मा मुलापर्यंत पोचवते. मुलाचं उद्धट उत्तर ती बाबांना 'तो घाबरलाय हो' असं करून सांगते. वीस वर्षं हे चालतं आणि त्या काळात बाप-लेकांना एकमेकांशी थेट बोलायची गरजच पडत नाही. आई गेल्यावर दोघं समोरासमोर बसतात. क्रिकेट आणि पाणीकपात यांपलीकडे विषय निघत नाही. लोक म्हणतात, घराचं घरपण गेलं. गेलं ते दुभाष्याचं काम करणारं माणूस. तिला कुणी दुभाषी म्हणून ओळखलं नव्हतं, आणि मुलाने खरंच कॉलेज सोडलं तेव्हा 'तूच डोक्यावर बसवलंस' हे वाक्य तिनेच ऐकलं होतं.

नातं टिकवण्याचं काम कधीकधी जमिनीच्या मोबदल्यात करावं लागतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरचा हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, देशाने २००५ मध्ये. कायदा आला आणि त्याच्यापाठोपाठ हक्कसोडपत्रंही आली. तलाठ्याकडे वारसनोंद झाली की बहिणी सह्या करतात. सगळ्याच दडपणाखाली करतात असं नाही. पुष्कळजणी हिशेब करूनच करतात. वाटा मागितला तर दिवाळीला कुणी न्यायला येणार नाही, बापाच्या पश्चात माहेर म्हणायला दार उरणार नाही, आणि चार गावांत 'बहीण भावाच्या पोटावर उठली' असा बोल लागेल. या व्यवहारात माहेरचं नातं राखण्यासाठी बहिणीने किती एकर दिले, ते सातबाऱ्यावर वाचता येतं. भावाने तेच नातं राखण्यासाठी काय दिलं, हा प्रश्न तिथल्या कुणाला पडत नाही. साडी-चोळी, फार तर. तीही वहिनीने आणलेली.

गंमत अशी, की कायद्याला या बाबतीत रीतीपेक्षा जास्त कळतं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्याने 'अपत्य' या सदरात मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांना धरलं. त्या यादीत सून नाही. म्हणजे म्हाताऱ्या आईबापांची जबाबदारी त्यांच्या पोटच्या मुलांची, असं संसद म्हणाली. पण गोळ्या संपल्या, डॉक्टरची तारीख चुकली, म्हातारीला एकटं वाटलं, की 'सुनेचं लक्ष नाही' हा निकाल सोसायटीच्या बाकावर सुनावणीशिवाय लागतो. मुलगा महिन्याचे पैसे देतो, शनिवारी अर्धा तास उशाशी बसतो आणि श्रावणबाळ ठरतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पुरुषांच्या हे लक्षातच राहत नाही, त्यांचा स्वभाव तसा नाही. हे उत्तर देणाऱ्याने आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता पाहावा. कोणत्या घरातून गेल्या वर्षी किती वर्गणी आली, ते त्याला पावतीपुस्तक न उघडता सांगता येतं. मंडपाची परवानगी कधी मागायची, ढोल-ताशा पथकाला कधी बयाणा द्यायचा, कोणत्या नगरसेवकाला कोणत्या आरतीला बोलवायचं, शेजारच्या मंडळाला मिरवणुकीत पुढे जाऊ दिलं तर आपली पोरं बिथरतील का, रुसलेल्या माजी अध्यक्षाला नारळ-शाल देऊन कसं परत आणायचं, हे सगळं त्याला पाठ असतं. डेमिंजरबाईंचे चारही टप्पे तो माणूस दहा दिवसांच्या उत्सवासाठी वर्षभर एकटा सांभाळतो. माणसांची मनं ओळखणं, आधी अंदाज घेणं, नंतर नजर ठेवणं, रुसवे काढणं, यांतलं काहीच त्याला जड जात नाही. घरी आल्यावर मात्र बायकोच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की व्हायचंय, हे त्याला सांगता येत नाही. मंडळात आरतीचं ताट राहिलं तर चारचौघांत त्याची शोभा होते. सासूच्या डोळ्याची चौकशी राहिली तर होत नाही. त्याच्या लक्षात काय राहतं आणि काय जातं, ते इथे ठरतं.

दुसरं उत्तर जरा वजनदार आहे: बायकांनाच हे आवडतं, त्यांनाच ते कुणाच्या हाती द्यायचं नसतं. यात तथ्य आहे. नात्यांच्या किल्ल्या कमरेला असणं ही सत्ताच आहे, आणि डी लिओनार्डोंनीही ती नजरेआड केली नव्हती. कुणाला घरात घ्यायचं, कुणाला लांब ठेवायचं, मुलीच्या स्थळाची बातमी आधी कुठे पोचवायची, हे ठरवणाऱ्या बाईला घरात मान असतो. जिला शेताच्या उताऱ्यावर नाव मिळालं नाही, बँकेच्या व्यवहारात कुणी विचारलं नाही, तिने ही एक जहागीर घट्ट धरून ठेवली, तर तिला दोष देता येत नाही. सुनेला बोल लावणारी आत्याही त्याच शाळेत शिकलेली आहे. चाळीस वर्षं तिने स्वतः असेच बोल ऐकले. आता ते देण्याची पाळी तिची, इतकंच. पण ज्या सत्तेत चुकीला क्षमा नाही, सुट्टी नाही आणि राजीनाम्याची सोय नाही, तिच्यात नोकरीचाच भाग जास्त. ही नोकरी हौसेने करणाऱ्या बायका आहेत. न करण्याची मुभा असलेल्या किती, ते मोजावं.

म्हणून 'मला सांगायचं ना, मी केलं असतं' हे नवऱ्याचं प्रामाणिक वाक्य कामाचं नाही. सांगायला आधी आठवावं लागतं, वेळ साधावी लागते, 'कटकट करते' हे ऐकावं लागतं आणि झालं की नाही ते पुन्हा पाहावं लागतं. आंबे तो आणून देतो. आत्यांकडे पेटी गेली नाही तर बोल तरीही तिलाच. घरोघरी फ्रिजवर कामांचे तक्ते लावून जे सुधारत नाही, ते याच कारणाने. तक्त्यावर काम वाटता येतं. बोल वाटला जात नाही.

तेव्हा वाटायचा तर तो बोल. ज्याचं रक्ताचं नातं, ते त्याने राखावं, हा साधा नियम घरात एक वर्ष चालवून पाहावा. बापाची तिथी मुलाने लक्षात ठेवावी, बहिणीची ओवाळणी भावाने दुकानात जाऊन निवडावी, आईच्या गोळ्यांचा डबा लेकाने भरावा. बाईने आपल्या माहेरची माणसं सांभाळावीत, सासरच्यांवर माया असेल तर ती खुशाल करावी, पण हजेरी तिची लागू नये. बापाला सांगायचं ते पोरांनी बापालाच सांगावं आणि त्याचा राग पुरता, न गाळता, ऐकावा. जमिनीवर पाणी सोडणाऱ्या बहिणीला, नातं टिकवायला तू काय देतोस, असं भावाला विचारता यावं. पहिल्या वर्षी बरंच काही चुकेल. एखादी तिथी हुकेल, ओवाळणीला डब्यांचा सेट जाईल, बाप-लेकांचं एकदा कडाक्याचं वाजेल. त्या वेळी घरातल्या बाईने करायची सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे मध्ये न पडणं. आणि वडीलधाऱ्या बायकांनी करायची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तक्रारीचा फोन सुनेच्या नंबरावर न लावता मुलाच्या नंबरावर लावणं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही वहिवाट मोडण्याची खरी ताकद आज त्यांच्याच हाती आहे.

आत्या तरीही रुसतील. रुसू द्यावं. समजूत काढायला भाच्याने स्वतः जावं, आणि जाताना बरोबर काय न्यायचं, हे बायकोला विचारू नये.